डी.ओ. खरा, पण कुठल्या कॉलेजचा?

अमेरिकेत डॉक्टरच्या नावापुढे बहुतेक वेळा एम.डी. असतं, पण साधारण दहातल्या एकाच्या नावापुढे डी.ओ. असतं. म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. आपल्याकडे हे नाव ऐकलं की एक तर होमिओपॅथी आठवते, नाहीतर गावाकडचा हाडवैद्य. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्पना कोविड झाला, तेव्हा रोज कॅमेऱ्यासमोर येऊन माहिती देणारे डॉ. शॉन कॉन्ली डी.ओ. होते. त्यावेळी अमेरिकेतसुद्धा बऱ्याच लोकांनी "हा खरा डॉक्टर आहे का?" असं विचारलं. खरा आहे. औषधं लिहून देतो, ऑपरेशन करतो, पन्नासही राज्यांत त्याला एम.डी. इतकाच परवाना मिळतो. (इंग्लंडातला ऑस्टिओपॅथ मात्र वेगळा प्राणी. तो डॉक्टर नसतो, १९९३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेला, हातांनी उपचार करणारा व्यावसायिक असतो. त्यामुळे गूगल केलं की गोंधळ हमखास.)

मी या विषयात कसा शिरलो? डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीच्या मुलीला डी.ओ. कॉलेजांची तीन पत्रं आली. एक शंभर वर्षं जुनं खाजगी कॉलेज, एक राज्य सरकारच्या विद्यापीठाचं आणि एक अगदी नवं, चकचकीत इमारतीचं. "मामा, तू दर वीकेंडला काहीतरी वाचत असतोस ना, मग हे वाच," असं म्हणून तिने मला कामाला लावलं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. वैद्यकीय सल्ला देणं माझं काम नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की "कुठलं डी.ओ. कॉलेज?" हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि दर पिढीत त्याचं उत्तर बदललंय. चुकलं तर काय होतं, तेही बदललंय.

सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल या माणसापासून. जन्म १८२८, व्हर्जिनिया. बाप मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि फावल्या वेळात डॉक्टर. पोरगा बापाच्या हाताखाली डॉक्टरकी शिकला. त्या काळी अमेरिकेच्या सरहद्दीवर बहुतेक जण असेच शिकायचे. यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने होता. १८६४ मध्ये मेनिन्जायटिसच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुलं गेली. त्या काळातली औषधं म्हणजे पारा, अफू, रक्त काढणं. डॉक्टर येऊन गेले, धर्मोपदेशक येऊन गेले, मुलं वाचली नाहीत. स्टिलचा औषधांवरचा विश्वास उडाला तो कायमचा. २२ जून १८७४ हा दिवस त्याने स्वतःच आपल्या नव्या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून सांगून ठेवलाय. कल्पना अशी की शरीर हे यंत्र आहे, हाडं-स्नायू जागेवर असतील तर रक्त नीट फिरतं, आणि रक्त नीट फिरलं तर शरीर आपलं आपण बरं होतं. आज वाचताना यातलं बरंच चूक आहे हे कळतं. पण १८७४ च्या औषधांपेक्षा "काही न देणं" हे अनेकदा जास्त सुरक्षित होतं, हेही खरं.

कॅन्ससमधल्या ज्या बेकर युनिव्हर्सिटीसाठी स्टिल कुटुंबाने जमीन दिली होती, तिथेच त्याला हा विचार मांडायला नकार मिळाला. मग तो मिझुरीतल्या कर्क्सव्हिल नावाच्या छोट्या गावी गेला, आणि १८९२ मध्ये दोन खोल्यांच्या लाकडी घरात त्याने अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी काढलं. पहिल्या तुकडीत वीसेक विद्यार्थी. त्यात त्याची स्वतःची मुलं होती आणि बायकाही होत्या. १८९२ साली हे लहानसहान नव्हतं. शरीररचना शिकवायला एडिंबरामध्ये शिकलेला विल्यम स्मिथ नावाचा खराखुरा डॉक्टर. आणि एक गंमत म्हणजे, राज्याने दिलेल्या सनदेप्रमाणे स्टिलला एम.डी. पदवी देता आली असती. त्याने मुद्दाम दिली नाही, डी.ओ. दिली. या एका हट्टाचे परिणाम पुढची सव्वाशे वर्षं विद्यार्थी भोगतायत (किंवा उपभोगतायत, कसं बघाल तसं).

१८९६ मध्ये व्हरमाँटने आणि १८९७ मध्ये मिझुरीने ऑस्टिओपॅथीला कायद्याने मान्यता दिली, आणि धंदा तेजीत आला. पेशंट आगगाडीने कर्क्सव्हिलला यायचे. आता विचार करा, १८९७ साली तुम्ही आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहात आणि ऑस्टिओपॅथ व्हायचंय. कर्क्सव्हिलच्या स्टेशनवर उतरलात तर गावात एक सोडून दोन कॉलेजं! दुसरं मार्कस वॉर्ड नावाच्या, स्टिलच्याच जुन्या सहकाऱ्याचं. तो म्हणायचा, खरी ऑस्टिओपॅथी माझीच, आणि शिवाय माझ्याकडे औषधं आणि शस्त्रक्रियाही शिकवतात. दोन आंबेवाले शेजारी शेजारी बसून "देवगड फक्त आमच्याकडे" म्हणतात ना, तसं. बाहेर बघावं तर कॅन्सस सिटी, दे मॉइन, फिलाडेल्फिया, कॅलिफोर्निया, सगळीकडे दोन-तीन वर्षांत कॉलेजं उगवली. काही प्रामाणिक होती, काही डिप्लोमा जवळजवळ विकत होती, काही तर पत्राने कोर्स शिकवायची. वॉर्डचं कॉलेज काही वर्षांतच बंद पडलं. ज्यांनी तिथे पैसे भरले त्यांच्या हातात कागद राहिला. मान्यता देणारी बाहेरची संस्था नसेल, तर अर्जदाराला ओळखीपाळखी आणि जाहिराती याशिवाय काहीच हाताशी नसतं.

आणि चांगल्या कॉलेजांतही भांडण होतंच. स्कॉटलंडहून आलेले लिटिलजॉन बंधू कर्क्सव्हिलला शिकवायचे. त्यांचं म्हणणं, फक्त शरीररचना पुरत नाही, शरीराचं कार्यही नीट शिकवा, व्याप्ती वाढवा. स्टिलचं म्हणणं, औषधांचं नाव काढू नका. १९०० मध्ये लिटिलजॉन शिकागोला गेले आणि त्यांनी वेगळं कॉलेज काढलं. (त्यांच्यातला जॉन मार्टिन पुढे इंग्लंडला परतला आणि त्याने तिथे शाळा काढली. वर म्हटलेला इंग्लंडातला वेगळा प्राणी तो इथून जन्मला.) त्यामुळे १९०५ च्या आसपासच्या अर्जदारापुढे खरा पर्याय विचारसरणीचा होता. 'शुद्ध' ऑस्टिओपॅथी की 'व्यापक'? आजचे विद्यार्थी कॉलेज निवडताना हा प्रश्न विचारतही नाहीत, पण तेव्हा त्यावर मैत्र्या तुटल्या.

१९१० मध्ये आला फ्लेक्सनर रिपोर्ट. अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता, शिक्षक होता. त्याने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांचे धिंडवडे काढले आणि ऑस्टिओपॅथीची आठ कॉलेजंही सोडली नाहीत. त्याने सरळ हिशेब मांडला: या आठ ठिकाणी तेराशेहून जास्त विद्यार्थी, वर्षाला दोनेक लाख डॉलर फी, आणि त्या मानाने प्रयोगशाळा नाहीत, हॉस्पिटल नाही, पूर्णवेळ शिक्षक नाहीत. त्याचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. उपचार तुम्ही कशानेही करा, पण समोरच्याला काय झालंय ते ओळखायला तर आलं पाहिजे ना? आणि ते ओळखायला शिकायचं तर पेशंट हवेत, खाटा हव्यात, लॅब हवी.

रिपोर्टनंतर एम.डी. कॉलेजं धडाधड बंद पडली. अमेरिकेत १९३५ पर्यंत ६६ उरली. ऑस्टिओपॅथीवाल्यांना रॉकफेलर-कार्नेगीचे पैसे मिळाले नाहीत, विद्यापीठांचा आधार मिळाला नाही. ती फीवरच तगून राहिली आणि हळूहळू सुधारली. कोर्स चार वर्षांचा झाला. १९२९ मध्ये औषधशास्त्र अधिकृतपणे अभ्यासक्रमात आलं. म्हातारा स्टिल १९१७ मध्येच गेला होता. त्याने हे होऊ दिलं असतं का, शंकाच आहे. १९४० च्या दशकात सहा कॉलेजं उरली होती: कर्क्सव्हिल, कॅन्सस सिटी, दे मॉइन, शिकागो, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस. पर्याय सगळ्यांना सारखे होते असंही नाही. डी.ओ. होणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे मेटा क्रिस्टी. त्या फिलाडेल्फियातून १९२१ मध्ये पदवीधर झाल्या, म्हणजे पहिलं कॉलेज निघाल्यावर तब्बल २९ वर्षांनी.

या सहांतलं लॉस एंजेलिसचं कॉलेज हे आपल्या गोष्टीतलं सगळ्यात रंजक पात्र. कारण त्याच्याकडे बाकीच्यांकडे नसलेली एक गोष्ट होती: पेशंट. लॉस एंजेलिस काउंटीच्या भल्यामोठ्या सरकारी हॉस्पिटलचा एक स्वतंत्र ऑस्टिओपॅथिक विभाग १९२८ पासून त्यांच्याकडे होता. बाकी देशात डी.ओ. डॉक्टरांना सरकारी हॉस्पिटलची दारं बंद. ते स्वतःची छोटी छोटी हॉस्पिटलं बांधायचे आणि विद्यार्थी तिथे शिकायचे. कॅलिफोर्नियात १९२२ पासून डी.ओ.चं वेगळं परवाना मंडळ होतं, परवाना पूर्ण होता, आणि देशातले सगळ्यात जास्त डी.ओ. याच राज्यात होते. १९५० च्या दशकात कोणी मला विचारलं असतं, की बाबा रे, कुठलं डी.ओ. कॉलेज घेऊ, तर मी डोळे मिटून लॉस एंजेलिस सांगितलं असतं.

आता पुढे ऐका. अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे एम.डी. लोकांची संघटना, डी.ओ.ना 'पंथवाले' म्हणायची. त्यांच्याबरोबर व्यावसायिक संबंध ठेवणं हे एम.डी.साठी नीतीला सोडून मानलं जायचं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने डी.ओ.ना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. (त्याचा उलटा फायदा झाला. एम.डी. युद्धावर गेले, गावातले पेशंट डी.ओ.कडे आले, आणि युद्ध संपल्यावर बरेचसे तिथेच राहिले.) एम.डी. संघटनेने १९५० च्या दशकात डी.ओ. कॉलेजांची पाहणी करायला समिती पाठवली. समिती १९५५ मध्ये म्हणाली, अहो, हे शिकवतात ते आपल्यासारखंच आहे, पंथबिंथ म्हणायचं कारण नाही. संघटनेने तो अहवाल फेटाळला.

मग कॅलिफोर्नियात वेगळीच युक्ती निघाली. भांडायचं कशाला, गिळून टाकू. १९६१ मध्ये राज्यातल्या दोन्ही संघटनांनी करार केला. लॉस एंजेलिसचं कॉलेज एम.डी. कॉलेज झालं, नाव कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ मेडिसिन. आणि १९६२ मध्ये राज्यातल्या डी.ओ. डॉक्टरांना सांगितलं गेलं, ६५ डॉलर भरा, एम.डी.चं सर्टिफिकेट घ्या. दोन हजारांहून जास्त जणांनी घेतलं. पासष्ट डॉलर! परीक्षा नाही, नवा कोर्स नाही. काल जो पंथवाला होता तो आज डॉक्टरसाहेब. नोव्हेंबर १९६२ मध्ये राज्यातल्या मतदारांनी प्रपोझिशन २२ मंजूर केलं आणि कॅलिफोर्नियात नव्या डी.ओ.ना परवाना देणं बंद झालं.

एका विद्यार्थ्याच्या नजरेने बघा. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला प्रवेश घेतला तो डी.ओ. व्हायला, चार वर्षांनी बाहेर पडला तो एम.डी. होऊन. फायदाच की! पण त्याच वर्षी ज्याने कर्क्सव्हिल निवडलं होतं आणि शिकून परत घरी, म्हणजे सॅन डिएगो किंवा फ्रेस्नोला जायचं ठरवलं होतं, त्याला घरी प्रॅक्टिसच करता येणार नव्हती. दोघांचाही १९५८ चा निर्णय शहाणपणाचाच होता. आणि ते ६५ डॉलरवाले एम.डी.? ते राज्याबाहेर पडले की अनेक ठिकाणी ती पदवी परवान्यासाठी चालत नसे. ते ना इकडचे ना तिकडचे.

पण गिळण्याचा हा प्रयोग उलटला, तो असा. ज्यांना काल पंथवाले म्हणत होतात त्यांना ६५ डॉलरात एम.डी. केलंत, म्हणजे त्यांचं शिक्षण तुमच्या तोडीचं होतं हे तुम्हीच कबूल केलंत. बाकी राज्यांतल्या डी.ओ.नी हा मुद्दा बरोबर उचलला. १९६६ मध्ये लष्कराने डी.ओ. डॉक्टर घेतले. १९६९ मध्ये एम.डी. संघटनेने त्यांना आपल्या रेसिडेन्सीचे दरवाजे उघडले. १९७३ पर्यंत पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळाला, आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ ची बंदी उठवली. तीन वर्षांनी लॉस एंजेलिसजवळच्या पोमोनात नवं डी.ओ. कॉलेज स्थापन झालं. जुनं कॉलेज एव्हाना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन शाखेचा भाग झालं होतं. आजही आहे.

भाचीच्या राज्याचा, म्हणजे मिशिगनचा नंबर इथे लागतो. १९६९ मध्ये पाँटिअ‍ॅकला खाजगी कॉलेज निघालं, आणि १९७१ मध्ये ते मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गेलं. सरकारी विद्यापीठातलं पहिलं डी.ओ. कॉलेज. त्याच आवारात एम.डी. कॉलेजही होतं. फ्लेक्सनरने साठ वर्षांपूर्वी जे नाही म्हणून शिव्या घातल्या होत्या, ते सगळं, म्हणजे विद्यापीठ, प्रयोगशाळा, सरकारी पैसा, एकदम मिळालं. टेक्सास, ओक्लाहोमा, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो यांनीही सत्तरच्या दशकात आपापल्या गावाकडच्या डॉक्टरटंचाईवर उपाय म्हणून सरकारी डी.ओ. कॉलेजं चालवायला घेतली. राज्यातल्या मुलांना फी कमी. माझं वैयक्तिक मत विचाराल, तर डी.ओ.च्या इतिहासातला अर्जदारासाठी सगळ्यात चांगला काळ हाच.

नंतर पुन्हा खाजगी लाट आली. आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्या कॉलेजांतून शिकलेले आपण अनेक जण आज कोड लिहितोय, त्यामुळे खाजगी म्हटलं की मी नाक मुरडत नाही. काही कॉलेजं खरोखर गरजेपोटी निघाली. केंटकीच्या डोंगराळ भागातलं पाइकव्हिल (१९९७) हे त्यातलं. अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथलं, कर्क्सव्हिलच्याच संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेलं कॉलेज विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासूनच गरीब वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांत पाठवू लागलं. आणि २००८ मध्ये कोलोरॅडोत रॉकी व्हिस्टा सुरू झालं, नफ्यासाठी चालणारं. फ्लेक्सनरनंतर अमेरिकेत असं पहिलंच. त्यावरून बराच गदारोळ झाला. आज चाळीसहून जास्त डी.ओ. कॉलेजं साठहून जास्त ठिकाणी शिकवतात, आणि अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत चारातला एक डी.ओ.चा असतो.

इतकी कॉलेजं, पण हॉस्पिटलं? मधल्या काळात जुनी ऑस्टिओपॅथिक हॉस्पिटलं १९८० आणि ९० च्या दशकांत मोठ्या साखळ्यांनी विकत घेतली किंवा बंद झाली. म्हणजे दारं बंद होती तेव्हा जी बांधली, ती दारं उघडल्यावर गेली. त्यामुळे बऱ्याच नव्या कॉलेजांची पहिली दोन वर्षं झकपक इमारतीत जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी कुठल्या कुठल्या गावांतल्या करारावरच्या हॉस्पिटलांत विखुरले जातात. कुठे चांगले शिक्षक मिळतात, कुठे विद्यार्थी नुसता डॉक्टरच्या मागे मागे फिरतो. १९१० चा फ्लेक्सनरचा प्रश्न जसाच्या तसा: पेशंट कुठे आहेत?

२०२० पर्यंत याला एक गादी होती. डी.ओ.साठी वेगळ्या रेसिडेन्सी असायच्या. एम.डी.वाल्यांकडे जागा मिळाली नाही तरी घरच्या पंगतीत पान मांडलेलं असायचं. २०१५ ते २०२० मध्ये दोन्ही व्यवस्था एक केल्या गेल्या. डी.ओ.ना फटका बसेल अशी भीती होती. तसं झालं नाही, शेवटच्या वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना मॅचमध्ये जागा मिळते. पण 'जागा' आणि 'हवी ती जागा' यात फरक आहे. न्यूरोसर्जरी, त्वचारोग असल्या विषयांत डी.ओ.ला अजून चढ आहे. त्यात २०२२ पासून दोन्ही परीक्षांची पहिली पायरी, एम.डी.ची आणि डी.ओ.ची, नुसती पास-नापास झाली. पूर्वी एखादा हुशार विद्यार्थी अनोळखी कॉलेजातून येऊन स्कोअरवर बाजी मारायचा. ती वाट अरुंद झाली, आणि कॉलेजचं नाव, शिफारसपत्रं, कुठल्या हॉस्पिटलात काम केलंत याचं वजन वाढलं.

म्हणून भाचीला मी फोनवर इमारतीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे: तिसऱ्या वर्षाची हॉस्पिटलं कोणती, किती लांब, तिथे त्या कॉलेजची स्वतःची रेसिडेन्सी आहे का? गेल्या तीन-चार वर्षांत कोण कुठे लागलं? (मान्यता देणारी संस्था ही आकडेवारी जाहीर करायला लावते. नुसते टक्के नाही, विषयवार यादी मागायची.) नव्या कॉलेजची पहिली बॅच बाहेर पडली का? कारण तोवर त्याला पूर्ण मान्यता मिळत नाही. हातांनी उपचार करायचे ते दोनेकशे तास सगळीकडेच असतात. कंबरदुखीसाठी त्यात तथ्य आहे असं अभ्यास सांगतात, कवटीची हाडं हलवण्याच्या प्रकाराबद्दल मला तरी काही पटण्यासारखं सापडलं नाही. पण त्यावरून कॉलेज ठरवण्यात अर्थ नाही.

आणि पैसे. खाजगी डी.ओ. कॉलेजची नुसती फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर, राहणं-खाणं वेगळं. आजवर उरलेला खर्च सरकारी ग्रॅड प्लस कर्जातून भागायचा, जवळजवळ लागेल तेवढं मिळायचं. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, त्यापुढे खाजगी बँक. म्हणजे राज्याच्या कॉलेजची कमी फी आणि नव्या कॉलेजची जास्त फी यातला फरक आता थेट खाजगी कर्जाचा आकडा होऊन समोर येतो, आणि खाजगी कर्जाला सरकारी कर्जासारख्या पगाराच्या प्रमाणात हप्ता ठरवणाऱ्या योजना नसतात. गावाकडे फॅमिली डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याने हा आकडा चार वर्षांच्या व्याजासकट कागदावर मांडून मगच डिपॉझिट भरावं.